काळ्या घोड्यापाशी किती फूट?

पावसाळ्यात बडोद्यात सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न फिरत असतो: काळ्या घोड्यापाशी किती? बाहेरगावच्या माणसाला यातलं काही कळायचं नाही. सयाजीबागेजवळ सयाजीराव महाराजांचा काळ्या घोड्यावरचा पुतळा आहे, तिथेच विश्वामित्रीवरचा पूल आहे, आणि त्या पुलापाशी नदीची पातळी मोजतात. कुणी म्हणतं सतरा, कुणी म्हणतं एकोणीस. पंचविसाला धोक्याची पातळी. मग दुसरा प्रश्न येतो, आजव्याच्या तलावात किती? एवढे दोन आकडे कळले की आपल्याला पुढचं सगळं कळलं, असं बडोदेकराला वाटतं.

२६ ऑगस्ट २०२४, सोमवार, गोकुळाष्टमी. दिवसभर पाऊस नुसता कोसळत होता. आम्ही कारेलीबागेत राहतो, पहिल्या मजल्यावर. तळमजल्याच्या दोन खोल्यांत आमच्या भाडेकरू बेन राहतात. शिवणकाम करतात. नवरात्र ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होतं, म्हणजे त्यांचा वर्षाचा हंगाम सुरू झालेला. दोन मशिनं, एक इंटरलॉक, आणि पलंगावर, पलंगाखाली, खुर्च्यांवर चनियाचोळ्यांची कापडं. लोकांनी दिलेली, आरसे लावलेली, अर्धी कापलेली. संध्याकाळी त्या जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंत आल्या आणि तिथूनच विचारलं, "बेन, सामान उपर चढावी दउं?"

मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. सव्वीस वर्षं झाली. त्यांनी मला विचारलं ते मी घरमालकीण म्हणून नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होतं. ही बाई आकड्यांतलं जाणते, म्हणून विचारलं. मी फोन उघडला, काळ्या घोड्याचा आकडा पाहिला, २०१९ च्या जुलैअखेरचा पूर आठवला, त्या वेळी आमच्या फाटकाच्या आत पाणी आलं नव्हतं हे आठवलं, आणि म्हणाले, "थोडं थांबा. नक्की काय ते कळू दे."

मंगळवारी पहाटे नदीने पंचवीस ओलांडले. पुढे ती पस्तिसाच्याही वर गेली. बेन आणि त्यांचा मुलगा वर आले ते गुडघाभर पाण्यातून, हातात कागदपत्रांची पिशवी आणि देवाची तसबीर घेऊन. बाकी सगळं खाली राहिलं. तीन दिवस आम्ही सहा जण वर होतो. लाइट नव्हती, पाणी मोजून प्यायचो. वस्त्यांमध्ये मगरी आल्याच्या बातम्या येत होत्या, त्यामुळे खाली उतरायची कुणाची छाती नव्हती. गुरुवारी पाणी ओसरलं तेव्हा मशिनांच्या मोटारींत गाळ भरला होता आणि कापडांचे रंग एकमेकांत उतरले होते. बेन मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. मात्र मी त्यांना काय सांगितलं होतं, ते मला विसरता येत नाही.

त्या चौथ्या पायरीकडे मी पुन्हा पुन्हा जाते. मी चुकले कुठे? माझा अंदाज चुकला, हे उत्तर पुरेसं नाही; अंदाज चुकतातच. मी प्रश्नच चुकीचा विचारला. पाणी येण्याची शक्यता किती, एवढंच मी पाहत बसले. सामान वर चढवून पाणी आलंच नाही तर काय जाणार होतं? तासाभराची मेहनत आणि माझ्या हॉलमधली अडचण. न चढवता पाणी आलं तर? एका घराचं वर्ष. हे दोन पारडे समोर ठेवले असते तर शक्यता दहात एक जरी असती तरी उत्तर एकच होतं. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी की थांबा असं सांगणारी मी पहिल्या मजल्यावर होते. माझ्या चुकीचं पाणी माझ्या घरात येणार नव्हतं.

हवामान बदलाविषयी कुणी म्हणालं की "शास्त्रज्ञांचंच अजून नक्की नाही", की मला तो जिना आठवतो.

तो पाऊस ज्या वादळी प्रणालीतून आला ती गुजरातच्या जमिनीवरून रेंगाळत गेली. डीप डिप्रेशन, म्हणजे तीव्र कमी दाबाचं क्षेत्र. जमिनीवर आलं की असं क्षेत्र विरायला लागतं, हा नेहमीचा अनुभव. हे मात्र सौराष्ट्र-कच्छ ओलांडून अरबी समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला त्याचं चक्रीवादळ झालं, असना. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ होणं इतकं विरळ की याआधीचं १९७६ सालचं. आता हे तापलेल्या जगामुळेच झालं का? कुणी मला वर्गात विचारलं तर मी हो म्हणणार नाही. एका पुरावर असा शिक्का मारणं सोपं नसतं, आणि आमच्या पुरात नदीच्या काठावरची बांधकामं, बुजवलेल्या कोतरांच्या, म्हणजे घळींच्या, जागा, पात्रात साचलेला राडारोडा यांचाही वाटा होता, हे कुणीही बडोदेकर सांगेल. पण हवा एका अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, हे जुनं, घट्ट भौतिकशास्त्र आहे. तिथे वाद नाही. जास्त बाष्प धरणारी हवा जेव्हा रिती होते तेव्हा जास्त रिती होते.

'अनिश्चितता' या शब्दात लोक सगळंच एका गाठोड्यात बांधतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतोय का? हवाईमधल्या मौना लोआवर १९५८ पासून मोजमाप चालू आहे. सुरुवातीला दहा लाखांत ३१५ भाग होता, २०२४ मध्ये ४२४ च्या वर होता. इथे शंकेला जागा नाही. तो वाढल्याने पृथ्वी तापते का? स्वीडनच्या स्वान्ते अऱ्हेनियसने १८९६ मध्ये हातानं आकडेमोड करून हे मांडलं होतं. किती तापते, इथे मात्र पट्टा आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल, याचं उत्तर १९७९ मध्ये अमेरिकेतल्या ज्यूल चार्नी यांच्या समितीने दिलं: दीड ते साडेचार अंश. चाळीस वर्षं हा पट्टा जवळजवळ तसाच राहिला. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलावरच्या शास्त्रीय समितीच्या, २०२१ च्या अहवालात तो अडीच ते चार असा आवळला गेला, मध्याचा अंदाज तीन. आणि मग बडोद्यात २०५० च्या ऑगस्टमध्ये किती पाऊस पडेल? इथे धुकं दाट आहे, आणि जो शास्त्रज्ञ हे कबूल करत नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवणार नाही.

या चार प्रश्नांची चार वेगळी उत्तरं आहेत. चौथ्याचं धुकं पहिल्यावर पसरवणं ही लबाडी आहे.

अनिश्चितता म्हणताच "कदाचित इतकं वाईट होणारही नाही" असं का ऐकू येतं, हेही मला कळत नाही. पट्ट्याला दोन टोकं असतात. दीड जितका शक्य तितकाच, चार्नींच्या वेळी, साडेचारही होता. शिवाय नुकसान सरळ रेषेत चढत नाही. पाणी फूटभर आलं तेव्हा बेनची चटई भिजली. दुसऱ्या फुटाला पलंगाखालचं कापड. तिसऱ्याला मशिनं आणि भिंतीतला वीजजोड. प्रत्येक फूट मागच्यापेक्षा महाग. म्हणून जिथे पातळी नक्की सांगता येत नाही तिथे तयारी सरासरीपेक्षा वरची ठेवायला लागते. पुढं काय ते दिसत नसलं की आपण गाडीचा वेग कमी करतो, वाढवत नाही. घाटातून गाडी चालवलेल्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही.

माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, धरणावर अभियंता होते. कुठल्या धरणावर ते इथे नको. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. ऑगस्टअखेर, धरण जवळजवळ भरलेलं, आणि वायरलेसवर संदेश आला की वरच्या खोऱ्यात मोठा पाऊस येतोय. दरवाजे उघडून जागा करायची तर रब्बीचं पाणी वाहून जाणार. नाही उघडले आणि पाऊस आला तर रात्रीत एकदम सोडावं लागणार, आणि खाली नदीकाठी तीन गावं. नानांनी दुपारी गावांना दवंडी दिली आणि संध्याकाळपासून हळूहळू पाणी सोडलं. पाऊस आला नाही. ढग वळले. त्या वर्षी गव्हाच्या शेवटच्या पाळीला पाणी कमी पडलं.

शेतकरी क्वार्टरवर आले. नाना सांगायचे, त्यातल्या एका म्हाताऱ्याने एवढंच विचारलं की साहेब, आभाळ तुम्हाला काय सांगून गेलं होतं?

मी लग्न होऊन आल्यावर ही गोष्ट ऐकली तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते, डोक्यात पुस्तकी उत्साह होता. म्हटलं, "नाना, पण तुमचा निर्णय बरोबरच होता. त्या वेळी हाती असलेल्या माहितीवर तोच बरोबर होता."

"हो, बरोबर होता," ते म्हणाले. "आणि गहू गेला तोही खरा. मी दोन्ही कबूल केलं. वहीत वेळ लिहिली होती, पातळी लिहिली होती, संदेश लिहिला होता, खाली माणसं किती ते लिहिलं होतं. ती वही घेऊन गावात गेलो. वाचून दाखवली."

"मग?"

"मग काय! दोघं उठून गेले. बाकीचे बसले. पुढच्या वर्षी दरवाजे उघडायच्या आधी गावातली चार माणसं बोलावून घ्यायला लागलो."

त्या वहीवर मी तेव्हा फार विचार केला नाही. आता करते. निर्णय कसा निघाला यावर त्याची किंमत ठरवायची आपल्याला सवय आहे. पाऊस आला तर साहेब हुशार, नाही आला तर साहेब मूर्ख. पण आभाळ कधीच सगळं सांगत नाही. २००२ मध्ये हवामान खात्याचा अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा होता, प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस पडला आणि देशभर दुष्काळ झाला. अंदाज पुढेही चुकतील. तेव्हा विचारायचं ते हे की काय माहीत होतं, ते लिहून ठेवलं का, चूक कुणावर पडणार होती, आणि त्यांना आधी विचारलं का. शेवटचे दोन प्रश्न संख्याशास्त्राच्या पुस्तकात नसतात. निदान मी शिकवते त्या पुस्तकात नाहीत.

मी शिकवते ते पाच टक्के. एखादा परिणाम निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असेल तरच तो परिणाम मानायचा. खोटा गजर होऊ नये म्हणून ही शिस्त, आणि विज्ञानासाठी ती चांगली आहे. नसलेली गोष्ट आहे म्हणणं हा त्या जगातला मोठा गुन्हा. त्यामुळे शास्त्रज्ञ शब्द फार जपून वापरतात. आयपीसीसीने तर शब्दांना आकडे बांधून दिले आहेत: 'शक्य' म्हणजे निदान ६६ टक्के, 'अतिशय शक्य' म्हणजे ९०. माणसामुळे पृथ्वी तापतेय हे त्यांनी १९९५ मध्ये जेमतेम म्हटलं. २००१ मध्ये ६६ टक्के, २००७ मध्ये ९०, २०१३ मध्ये ९५. २०२१ मध्ये लिहिलं की यात आता शंका उरलेली नाही. पंचवीस-सव्वीस वर्षं लागली एका वाक्याला. हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होतील असं एक चुकीचं विधान २००७ च्या अहवालात शिरलं होतं, ते २०१० मध्ये त्यांनी जाहीरपणे मागे घेतलं. मला यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. नानांची वही अशीच होती.

पण प्रयोगशाळेतली शिस्त जिन्यावर लावायची नसते. प्रयोगशाळेत थांबल्याने कुणाचं मशीन बुडत नाही. घरात थांबणं हाही निर्णयच असतो, आणि त्याची किंमत त्या क्षणापासून कुणीतरी भरायला लागतं. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातलं पंधरावं तत्त्व हेच सांगतं की गंभीर किंवा न भरून येणाऱ्या हानीचा धोका असेल तर पूर्ण वैज्ञानिक खात्री नाही हे उपाय लांबवण्याचं कारण होऊ शकत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वेल्लोरच्या चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात हे तत्त्व इथल्या कायद्याचा भाग मानलं, आणि पुढे जाऊन म्हटलं की आपल्या कामाने हानी होणार नाही हे दाखवण्याची जबाबदारी काम करणाऱ्यावर आहे. या उलटलेल्या जबाबदारीचं मला फार मोल वाटतं. पाणी येईल हे बेननी मला सिद्ध करून दाखवायचं नव्हतं. येणार नाही हे मी दाखवायला हवं होतं, आणि ते मला जमणार नव्हतं.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. सावधगिरीचीही किंमत असते आणि तीही बहुतेक वेळा तळमजल्यालाच भरायला लावतात. नदीकाठच्या झोपड्या पुराच्या नावाखाली हलवायच्या आणि काठावरच्या इमारतींना हात लावायचा नाही, ही कसली सावधगिरी? कोळसा बंद करा म्हणणं सोपं आहे. खाणीच्या गावात ज्याची चूल त्यावर पेटते त्याला काय सांगणार? भारतातला माणूस वर्षाला सरासरी दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतो, अमेरिकेतला चौदाच्या आसपास. दोघांना सारखंच काटकसर करायला सांगणं अन्यायाचं आहे. पण मी स्वतः त्या दोन टनांच्या सरासरीत लपून बसले तर तोही अन्यायच. माझ्याकडे दोन एसी आहेत. बेनकडे एक पंखा आहे, तो सुद्धा पुरानंतर नवीन घेतलेला. आमच्या दोघींची सरासरी काढून मी स्वतःला निर्दोष ठरवू शकत नाही.

आणि मग अजून न जन्मलेली माणसं. अर्थशास्त्रात वटावाचा दर म्हणून एक गोष्ट असते. शंभर वर्षांनी होणारं नुकसान आज किती रुपयांचं धरायचं ते त्यावर ठरतं. ब्रिटनच्या निकोलस स्टर्न यांनी २००६ च्या अहवालात तो साधारण १.४ टक्के धरला. अमेरिकेच्या विल्यम नॉर्डहाउस यांनी, ज्यांना २०१८ मध्ये नोबेल मिळालं, तो बराच चढा धरला, त्या काळात साडेपाच टक्क्यांच्या आसपास. मी फळ्यावर गणित करून दाखवते. शंभर वर्षांनंतरचं एक लाखाचं नुकसान १.४ ने आज पंचवीस हजारांचं होतं. साडेपाचने पावणेपाचशे रुपयांचं. हवामान तेच, पूर तोच, लाख तेच. एका दशांश चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे पणतवंडांची किंमत ठरते. गेल्या वर्षी हे करून दाखवल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण हा दर ठरवताना त्यांना विचारलं का?" ब्रिटिश गणिती-तत्त्वज्ञ फ्रँक रॅम्झीने १९२८ मध्येच लिहून ठेवलं होतं की पुढच्या पिढीचं सुख केवळ ती पुढची आहे म्हणून कमी मानणं नीतीला धरून नाही. त्या मुलीला रॅम्झी माहीत नव्हता.

खात्री नसताना चांगलं काम करता येतं, याचं उदाहरण आमच्यापासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली. नंतर हिशेब केला तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झालेले निघाले. पुढची लाट कधी येणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी २०१३ मध्ये शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, दक्षिण आशियातला पहिला. आदल्या दिवशी इशारा, डॉक्टर-नर्सना शिक्षण, बागा उघड्या, पाणपोया. लाट आली नाही त्या दिवशीही पाणपोईवर कुणीतरी पाणी प्यालं. आणि त्याच्या कितीतरी आधीचं आजवा? महाराजांनी शहराच्या पिण्याच्या पाण्यासाठी ते काम १८८५ मध्ये काढलं. छप्पनचा, म्हणजे संवत १९५६ चा, दुष्काळ १८९९-१९०० चा. पंधरा वर्षं आधी छप्पन येणार हे कुणाला माहीत असणार? आज त्याच आजव्याचे बासष्ट दरवाजे पावसाळ्यात आमची झोप उडवतात, तेही खरंच. दरवाज्यांपाशी उभा असलेला माणूस त्या रात्री काय विचार करत असेल, हे नानांमुळे मला थोडं कळतं. त्याच्यावर चिडणं मला जमत नाही.

पुरानंतर आठवड्याने मी खाली गेले. बेन दोरीवर कापडं वाळत घालत होत्या, टाकून देण्याआधी मालकिणींना दाखवायला. मी म्हटलं, त्या संध्याकाळी मी तुम्हाला थांबा म्हणाले, माझं चुकलं. एका मशिनाचे पैसे मी देते. त्या नको म्हणाल्या. मी म्हटलं, हे मदत म्हणून नाही. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, भाड्यातून वळते करा, चार महिन्यांत. तसं केलं.

गेल्या पावसाळ्यात तीनदा इशारा आला. विश्वामित्रीतला गाळ काढण्याचं, पात्र मोकळं करण्याचं काम उन्हाळ्यात झालं होतं, त्याचा किती उपयोग झाला ते सांगण्याइतके पावसाळे अजून गेलेले नाहीत. पहिल्यांदा इशारा आला तेव्हा काळ्या घोड्यापाशी किती हे मी पाहिलंसुद्धा नाही. बेनचा मुलगा, माझा नवरा आणि मी, तिघांनी मिळून दोन मशिनं आणि कापडाची गाठोडी वर आणली. वळणावर इंटरलॉक अडकलं, त्याचा पाय भिंतीला घासला, पोपडे निघाले. पाणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी सगळं परत खाली. दुसऱ्या वेळीही आलं नाही. तिसऱ्या वेळी सामान वर आणून ठेवलं, पाऊस भुरभुरत राहिला, आणि बेन माझ्या हॉलच्या खिडकीपाशी मशीन मांडून बसल्या. एका नवरीचा घागरा द्यायचा होता. मी उत्तरपत्रिका तपासत होते. रात्री अकराच्या सुमाराला त्यांनी पॅडलवरचा पाय काढला, खिडकीतून खाली रस्त्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "कोरडंच आहे हो. सकाळी नेऊ खाली."